शालेय ग्रंथालयातील पुस्तकावर आक्षेप आल्यास काय करावे: पूर्वतयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

शालेय ग्रंथालयातील एखाद्या गोष्टीच्या पुस्तकावर पालकाने आक्षेप घेतला की पुण्यातील शाळांमध्ये पुढचा प्रकार सहसा ठरलेला असतो. मुख्याध्यापक ग्रंथपालांना बोलावतात, वाद नको म्हणून पुस्तक तूर्तास बाजूला काढले जाते, कार्यालयातील कपाटात जाते आणि तेथेच राहते. निर्णय कोणी घेतला, कशाच्या आधारे घेतला, ते पुस्तक कोणी वाचले तरी होते का, यांपैकी कशाचीही नोंद मागे उरत नाही. पुढे दुसऱ्या पालकांचा दुसऱ्या पुस्तकावर आक्षेप येतो, तेव्हा ‘मागच्या वेळी लगेच काढले होते, मग आताच का नाही?’ या प्रश्नाला शाळेकडे उत्तर नसते.

मुख्याध्यापक, ग्रंथपाल, ग्रंथालयाचा अतिरिक्त कार्यभार सांभाळणारे शिक्षक आणि समित्यांवरील पालक प्रतिनिधी यांना ही प्रक्रिया क्रमाने पार पाडता यावी, यासाठी हा लेख आहे. पहिले दोन टप्पे शाळेत कोणताही वाद नसताना उरकायचे आहेत. ते झाले नसतील, तर पुढचे टप्पे कितीही नेटाने पार पाडले तरी शाळेची बाजू लंगडीच राहते.

कायद्याची किमान माहिती

तीन गोष्टी मुख्याध्यापकांना पाठ असाव्यात. पहिली अशी की बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. म्हणजे अवांतर वाचनाची पुस्तके ठेवणे हा शाळेचा छंद नसून तिची जबाबदारी आहे. त्याच कायद्याचे कलम २९ मुलाला भयमुक्त ठेवण्याची आणि आपली मते मोकळेपणाने मांडायला मदत करण्याची अपेक्षा ठेवते.

दुसरी गोष्ट बंदीविषयी आहे. एखादे प्रकाशन सरकारजमा झाल्याचे घोषित करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ९८ नुसार त्यासाठी कारणे नमूद केलेली अधिसूचना काढावी लागते आणि तिला उच्च न्यायालयात आव्हान देता येते. म्हणून ‘या पुस्तकावर बंदी आहे’ असे कोणी सांगितल्यास शांतपणे अधिसूचनेची प्रत मागावी.

तिसरी गोष्ट म्हणजे धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीत ज्या कलमाचा हमखास उल्लेख होतो, ते भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ (पूर्वीचे २९५-अ). त्यासाठी जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने केलेले कृत्य आवश्यक असते. कोणाला तरी वाईट वाटले, एवढ्याने ते कलम लागू होत नाही.

टप्पा १: निवडीचे धोरण लिहून मंजूर करून घ्या

धोरण दोन पानांपेक्षा मोठे नसावे, कारण मोठे धोरण कोणी वाचत नाही. ग्रंथालय कोणासाठी आहे, पुस्तके कोण निवडते, कोणत्या निकषांवर निवडते आणि आक्षेप आल्यास काय केले जाईल, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असली की पुरे. निकष शक्य तितके ठोस लिहावेत. ‘चांगली व संस्कारक्षम पुस्तके घेतली जातील’ हे वाक्य बहुतेक धोरणांमध्ये असते आणि आक्षेप आला की नेमके तेच शाळेच्या अंगावर येते, कारण संस्कार म्हणजे काय हे प्रत्येक घर आपापल्या परीने ठरवते. त्याऐवजी भाषेची गुणवत्ता, चित्रांचा दर्जा, वयाला साजेशी मांडणी, माहितीची अचूकता, आणि शाळेतील सर्व प्रकारच्या घरांतील मुलांना स्वतःचे व इतरांचे जगणे पुस्तकात दिसणे, असे तपासता येतील असे निकष घ्यावेत.

देणगीच्या पुस्तकांसाठी स्वतंत्र कलम अवश्य असावे. कोणी तरी घर आवरताना दिलेले दोन गठ्ठे न पाहता दाखल करून घेतले जातात, आणि त्यांत मोठ्यांची कादंबरी निघाली की आक्षेप रास्त ठरतो. अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्ची घालण्याच्या घाईत अप्पा बळवंत चौकातून एका दुपारी आणलेल्या खरेदीबाबतही हाच धोका असतो. देणगी असो वा खरेदी, पुस्तक कोणी तरी वाचल्याशिवाय दाखल नोंदवहीत चढवायचे नाही, हा नियम धोरणात लिहून टाकावा.

धोरणाला मंजुरी कोणाची घ्यावी, याबाबत गोंधळ होतो. महापालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समितीसमोर विषय ठेवावा. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळे तिच्या ठरावाला वजन असते. खासगी संस्थांच्या शाळांमध्ये शाळा समितीचा ठराव घ्यावा. अनुदानित शाळेत त्याच्या जोडीला व्यवस्थापन समितीपुढेही तो मांडावा. विनाअनुदानित शाळांना व्यवस्थापन समितीचे कलम लागू नाही, तेथे पालक-शिक्षक संघाच्या सभेत धोरण वाचून दाखवावे आणि इतिवृत्तात तशी नोंद करावी.

*तपासा:* ठरावाचा क्रमांक, तारीख, सूचक व अनुमोदक यांची नावे इतिवृत्तात आहेत का? धोरणाची प्रत ग्रंथालयाच्या भिंतीवर लावली आहे का?

टप्पा २: पुस्तकागणिक निवडीची नोंद ठेवा

आक्षेप आलेल्या दिवशी ‘हे पुस्तक आपण का घेतले?’ या प्रश्नाचे उत्तर आठवणीतून द्यावे लागू नये, एवढाच या टप्प्याचा उद्देश आहे. दाखल नोंदवहीतील शेऱ्याच्या रकान्यात नोंदपत्राचा क्रमांक लिहावा आणि नोंदपत्रावर चार-पाच ओळी असाव्यात: पुस्तक कोणी वाचले, कोणत्या वयोगटासाठी सुचवले, कशासाठी घेतले, कोठे परीक्षण आले असल्यास त्याचा उल्लेख, आणि पुरस्कार मिळाला असल्यास तो. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार देते. त्याची नोंद असणे उपयोगी पडते. मात्र पुरस्कार हा पुरावा म्हणून पुरेसा धरू नये, कारण पुरस्कारप्राप्त पुस्तकही तुमच्या दुसरीच्या वर्गासाठी अयोग्य असू शकते.

जुन्या संग्रहाची नोंदपत्रे एकदम करणे शक्य नसते. नव्या खरेदीपासून सुरुवात करावी आणि जुन्या पुस्तकांपैकी ज्या विषयांवर आक्षेप येतात त्यांची आधी करावी. ते विषय साधारण ठरलेले आहेत: मासिक पाळी व शरीराची ओळख, मृत्यू, भुतेखेते, जातीचे वास्तव, मांसाहार, दोन धर्मांतील मैत्री, देवदेवतांच्या कथांचे नवे कथन, ऐतिहासिक व्यक्तींचे चित्रण, मुलगा-मुलगी यांच्या ठरीव भूमिकांना छेद देणारी पात्रे, आणि पात्रांच्या तोंडची शिवराळ भाषा.

*सावधान:* या नोंदपत्रांची ‘वादग्रस्त पुस्तके’ अशी वेगळी फाईल करू नये. तशी फाईल झाली की नवा ग्रंथपाल ती पुस्तके आपोआप मुलांपासून दूर ठेवू लागतो.

टप्पा ३: पहिले बोलणे

आक्षेप बहुधा तोंडी येतो. शाळा सुटताना फाटकाशी, पालकसभेनंतर किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एका पानाचा फोटो टाकून तो मांडला जातो. या वेळी करायचे काम एकच आहे: पूर्ण ऐकून घेणे. पुस्तकाची बाजू मांडू नये, माफी मागू नये आणि कोणतेही आश्वासन देऊ नये. ‘आपण शाळेपर्यंत आलात हे चांगले केले. आपले म्हणणे मला नीट समजून घ्यायचे आहे,’ असे म्हणून पालकांना बसवावे, पाणी द्यावे आणि पुस्तक समोर ठेवून कोणत्या पानाविषयी बोलणे आहे ते विचारावे.

बरेच आक्षेप येथेच मिटतात, कारण पालकांनी पुस्तकाचे एकच पान पाहिलेले असते. समजा, तिसरीच्या मुलाने घरी नेलेल्या चित्रपुस्तकात एक मुलगी आजोबांबरोबर मासळी बाजारात जाते आणि कोळिणीशी घासाघीस करते. शाकाहारी घरातील आईला ते चित्र खटकले. त्या आईंना शाळा आपल्या मुलाला मासे खायला शिकवते आहे, अशी भीती वाटत असेल, तर ती गोष्ट मोजणी आणि पैशांच्या व्यवहाराची आहे हे पान उलटून दाखवता येते. शिवाय ‘आपल्या मुलासाठी हे पुस्तक नको असल्यास तशी नोंद आम्ही घेतो’ असेही सांगता येते. आपल्या मुलाने काय वाचावे यात लक्ष घालण्याचा पालकांचा अधिकार मान्य करावाच. वर्गातील उरलेल्या सर्व मुलांच्या वतीने एका घराने निर्णय घेणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि हा फरक याच वेळी, सौम्य शब्दांत, स्पष्ट करावा.

*नेहमीची चूक:* व्हॉट्सॲप गटावरच उत्तर देणे. गटावर ‘विषयाची नोंद घेतली आहे, संबंधित पालकांनी कृपया शाळेत भेटावे’ एवढेच लिहावे. तेथे वर्गशिक्षकांनी पुस्तकाची बाजू मांडायला घेतली की संध्याकाळपर्यंत तो मजकूर तीन शाळांच्या गटांवर फिरत असतो.

टप्पा ४: लेखी अर्ज, पोच आणि पुस्तक जागेवर

बोलण्याने समाधान झाले नाही, तर पुनर्विचार अर्जाचा छापील नमुना द्यावा. अमेरिकेतील शालेय ग्रंथालयांमध्ये असा अर्ज घेण्याची पद्धत रुळलेली आहे आणि ती आपल्याकडेही सहज चालण्यासारखी आहे. अर्जात अर्जदाराचे नाव व शाळेशी असलेले नाते, पुस्तकाचे नाव व दाखल क्रमांक, ‘आपण हे पुस्तक पूर्ण वाचले आहे का?’, कोणत्या पानावरील कोणता मजकूर वा चित्र आक्षेपार्ह वाटते, त्याचा मुलांवर काय परिणाम होईल असे वाटते, आणि शाळेने काय करावे अशी अपेक्षा आहे, एवढे प्रश्न असावेत. अर्जदारांना लिहिणे अवघड जात असेल, तर कार्यालयातील कोणी तरी त्यांच्या सांगण्यावरून लिहून घ्यावे व वाचून दाखवून सही घ्यावी. अर्जाचा उपयोग लोकांना परतवून लावण्यासाठी करू नये.

अर्ज आवक नोंदवहीत चढवावा, आवक क्रमांक घातलेली पोच त्याच दिवशी द्यावी आणि पोचेवरच निर्णयाची मुदत लिहावी. चार आठवडे ही मुदत बहुतेक शाळांना पाळता येते. परीक्षांचा काळ असल्यास सहा आठवडे घ्यावेत, पण तारीख लिहावीच.

आता या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. निर्णय होईपर्यंत पुस्तक आपल्या जागेवर राहिले पाहिजे आणि मुलांना मिळत राहिले पाहिजे. चौकशी पूर्ण होईपर्यंत पुस्तक काढून ठेवणे अनेकांना तटस्थपणाचे वाटते, परंतु त्यातून आक्षेप घेणाऱ्याला जे हवे होते ते पहिल्याच दिवशी मिळते आणि मग समितीची बैठक घेण्याची घाई कोणालाच उरत नाही. ग्रंथालयात एकच प्रत असेल, तर समितीला वाचण्यासाठी दुसरी प्रत विकत आणावी. कपाटातील प्रत उचलू नये.

*सावधान:* हे पुस्तक कोणकोणत्या मुलांनी नेले होते, ही माहिती अर्जदाराला, पत्रकाराला वा कोणत्याही संघटनेला देऊ नये. देवघेव नोंदवही टेबलावर उघडी असेल, तर पाहुणे येण्यापूर्वी मिटून ठेवावी.

टप्पा ५: पुनर्विचार समिती

समिती पाच जणांची असावी: मुख्याध्यापक वा पर्यवेक्षक, ग्रंथपाल, त्या वयोगटाला शिकवणारे एक शिक्षक, आक्षेपाशी संबंध नसलेले एक पालक, आणि बालसाहित्य वा बालमानसशास्त्र जाणणारी शाळेबाहेरची एक व्यक्ती. पुण्यात अशी व्यक्ती मिळणे कठीण नाही. बालसाहित्याचे लेखक, चित्रकार, संपादक आणि निवृत्त शिक्षक शहरात भरपूर आहेत. ज्यांनी ते पुस्तक निवडले त्या ग्रंथपालांनी माहिती द्यावी, परंतु निर्णयाच्या वेळी मत देऊ नये. आठवी-नववीच्या पुस्तकाचा प्रश्न असल्यास दोन विद्यार्थ्यांचे वाचनानुभव लेखी घ्यावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण ज्यांच्यासाठी पुस्तक आहे त्यांचे मत विचारायचे राहूनच जाते. विद्यार्थ्यांची नावे मात्र अहवालात येऊ देऊ नयेत.

प्रत्येक सदस्याने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे आणि तसे लिहून द्यावे. ज्याने वाचले नाही त्याला बैठकीत मत नाही, मग ते संस्थेचे पदाधिकारी का असेनात.

टप्पा ६: बैठक

बैठकीत आधी अर्जदारांचे म्हणणे पंधरा-वीस मिनिटे ऐकावे. त्यांच्यासमोर उलटतपासणी करू नये. ते गेल्यानंतर नोंदपत्र वाचावे आणि मग आक्षेप असलेले पान वाचावे, पण त्याच्या आधीची आणि नंतरची पाने जोडून. अश्लीलतेच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात संदर्भ आणि समकालीन समाजाची धारणा लक्षात घेण्याची कसोटी मांडली. ते प्रकरण मुलांसाठी नसलेल्या, क्रीडाविषयक नियतकालिकातील छायाचित्राचे होते, त्यामुळे वयाचा प्रश्न समितीला स्वतंत्रपणे पाहावाच लागेल. तरी सुटा तुकडा उचलून निर्णय करू नये, ही शिस्त येथेही तितकीच गरजेची आहे.

समितीने स्वतःला विचारायचा मुख्य प्रश्न असा: आक्षेप पुस्तकातील विचार न आवडण्याचा आहे, की पुस्तक शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य असल्याचा? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८२ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज येथील शालेय ग्रंथालयातून पुस्तके काढल्याचे प्रकरण आले, तेव्हा निकालाच्या बाजूच्या प्रमुख मतात हाच भेद केला गेला. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण चर्चा भरकटू लागली की या प्रश्नाशी परत येता येते.

काही आक्षेप खरे असतात आणि ते खरे म्हणून ऐकले पाहिजेत. जातिवाचक शब्दांचे उदाहरण घ्यावे. अन्याय सोसलेल्या मुलाच्या गोष्टीत गावातला कोणी तरी त्याला तो शब्द वापरून हाक मारतो आणि ती हाक किती लागली हे गोष्ट दाखवते, तेव्हा तो शब्द काढला तर गोष्टच खोटी होते. परंतु निवेदकच तो शब्द सहज, गंमत म्हणून वापरत असेल आणि पुस्तकातील एकही पात्र त्याला अडवत नसेल, तर त्या समाजातील पालकांचा आक्षेप वजनदार आहे. वर्गात बसलेल्या त्यांच्या मुलाला ते पुस्तक हाती घेताना काय वाटेल, याचा विचार समितीने केलाच पाहिजे. दोन्ही पुस्तकांत शब्द तोच असतो. निवेदन वाचल्याशिवाय त्यांतील फरक कळत नाही. फक्त पान क्रमांक पाहून निर्णय करणाऱ्या समितीकडून येथेच चूक होते, कधी एका बाजूने, कधी दुसऱ्या.

समितीपुढे पर्याय चारच ठेवावेत: पुस्तक आहे तेथे ठेवणे, वरच्या इयत्तांच्या कपाटात हलवणे, शिक्षकांसोबत वाचण्यासाठी ठेवणे, किंवा संग्रहातून काढणे. पान चिकटवणे, ओळीवर शाई फिरवणे, चित्रावर कागद डकवणे हे पर्याय विचारातही घेऊ नयेत. वरच्या इयत्तेत हलवणे ही तडजोड फार सोपी वाटते, म्हणून तिच्याबाबत अधिक सावध राहावे: सात वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेले चित्रपुस्तक सातवीच्या कपाटात ठेवले, तर ते कोणीच वाचणार नाही.

टप्पा ७: अहवाल, निर्णयाचे पत्र आणि अपील

अहवाल एक-दीड पानाचा असावा आणि त्यात प्रत्येक मुद्द्याला पुस्तकातील आधार असावा. मघाच्या उदाहरणात असे लिहिता येईल: ‘पृष्ठ ८ ते ११ वरील प्रसंगात मासळीची खरेदी दाखवली असून त्यात कोणत्याही आहाराची शिफारस वा निंदा नाही. प्रसंगाचा उपयोग नाण्यांची बेरीज आणि संवादकौशल्य यांसाठी झाला आहे. निवड धोरणातील कलम ३ नुसार पुस्तक तिसरीच्या वयोगटासाठी योग्य आहे. पुस्तक जागेवर ठेवावे.’ ‘समितीने साधकबाधक चर्चा करून सर्वानुमते निर्णय घेतला’ एवढ्याच वाक्याच्या अहवालाने पुढे काहीही सिद्ध होत नाही.

शासकीय व अनुदानित शाळांनी हेही लक्षात ठेवावे की माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार ही कागदपत्रे कोणी मागू शकतो आणि त्याला सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अहवाल लिहितानाच अनोळखी वाचकाला समजेल असा लिहावा, आणि अर्जदारांच्या हेतूविषयी त्यात एक शब्दही नसावा.

अर्जदारांना मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र जावे. त्यात निर्णय, कारणे, आणि समाधान नसल्यास ३० दिवसांत धोरण मंजूर करणाऱ्या समितीकडे अपील करता येईल, असा उल्लेख असावा. त्याच पुस्तकावर त्याच कारणासाठी पुढील दोन वर्षे पुनर्विचार होणार नाही, ही अट मूळ धोरणातच घालावी. निर्णयाच्या वेळी घातली तर ती दडपशाही वाटते.

पुस्तक काढायचे ठरले, तर ते निर्लेखनाच्या नेहमीच्या पद्धतीने, ठराव क्रमांकासह नोंदवहीत कमी करावे. शासनाकडून पुरवठा झालेल्या पुस्तकांबाबत मात्र शाळेने परस्पर निर्लेखन न करता समितीचा अहवाल शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे पाठवावा.

टप्पा ८: बाहेरचा दबाव आल्यास

शाळेशी संबंध नसलेल्या संघटनेचे निवेदन आले, तर ते आवक करून पोच द्यावी, धोरणाची प्रत द्यावी आणि पुनर्विचार अर्ज शाळेचे पालक, विद्यार्थी व कर्मचारी यांच्यासाठी असल्याचे सांगावे. शिष्टमंडळ आल्यास दोन-तीन प्रतिनिधींनाच कार्यालयात घ्यावे, मुख्याध्यापकांसोबत आणखी एक जण बसावा, आणि झालेल्या बोलण्याची टिपणी त्याच दिवशी लिहावी. चित्रफीत काढत असताना पुस्तक हातात धरून उभे राहण्याची विनंती नाकारावी. माध्यमांशी एकाच व्यक्तीने बोलावे, तेही लेखी.

धमकी वा तोडफोडीची शक्यता दिसल्यास ११२ वर कळवावे आणि स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. तोंडी कळवल्याचा पुढे उपयोग होत नाही. पोलिसांनी पुस्तकाची प्रत मागितली, तर सहकार्य करावे, परंतु प्रत कोणी, कोणत्या प्रकरणात आणि कोणत्या तारखेला नेली याची लेखी पावती घ्यावी, आणि त्याच दिवशी संस्थेला व शिक्षणाधिकारी कार्यालयाला कळवावे.

*नेहमीची चूक:* गर्दी पाहून ग्रंथपालांना किंवा वर्गशिक्षिकेला पुढे करणे. पुस्तकाची निवड शाळेच्या ठरावानुसार झालेली असते, त्यामुळे उत्तर शाळेच्या वतीने मुख्याध्यापकांनी द्यायचे असते. त्या आठवड्यात ग्रंथपालांना लेखी पाठबळाचे पत्र द्यावे आणि फोनवरून त्रास होत असल्यास त्याची नोंद ठेवायला सांगावे.

निर्णयानंतरची तपासणी

निर्णयानंतर सहा महिन्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पुस्तक खरोखर कपाटात आहे का आणि देवघेव नोंदवहीत त्याच्या नोंदी होत आहेत का. ‘ठेवावे’ असा निर्णय झालेले पुस्तक सर्वांत वरच्या कप्प्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही तेथे, सरकवलेले सापडते. ते लगेच खाली आणावे. दुसरी, पुढच्या खरेदीची यादी. वादानंतरच्या यादीतून तो विषयच गळलेला असतो, आणि तसे कोणी ठरवलेले नसते. यादी करणाऱ्याने नकळत सुरक्षित पुस्तके निवडलेली असतात. मागील तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून टप्पा २ मधील विषयांवर किती पुस्तके आली ते मोजावे, आणि जो विषय गळला असेल त्यावरील दोन-तीन नवी पुस्तके वाचून जूनच्या खरेदीत नोंदपत्रासह मांडावीत.